उसाची गोडी कोठून येते ?



उसाला गोडी कोठून येते असें विचारल्यास पुष्कळजण जमिनीचें व खताचें नांव घेतील. झाडाचें अन्न मुळांवाटें मातींतून येतें, हा समज फार जुना आहे. ब्रसेल्सच्या व्हान हेल्मोंटनें तो तराजूंत घालून पाहिला. त्यानें २०० पौंड वाळलेल्या मातींत ५ पौंडांचें वाळुंजाचें रोप लावलें आणि पांच वर्षें त्यास केवळ पाणी घातलें. झाड सुमारें १६९ पौंडांचें झालें. माती मात्र जेमतेम २ औंस घटली. त्यानें सर्व श्रेय पाण्यास दिलें. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ सालीं, हा प्रयोग प्रसिद्ध झाला. उत्तराचा अर्धाच भाग त्यास सांपडला होता. उरलेला अर्धा हवेंत होता.

हवेच्या दहा हजार भागांत कर्बाम्लवायु अवघा चार भागांच्या आसपास असतो. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून तो आंत शिरतो. मुळांनीं शोषलेलें पाणी शिरांवाटें वर येतें. हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडून या दोहोंची सांगड घालतें. हें कार्य हिरव्या भागांत व उजेडांतच होतें, असें इंगेनहाउझनें १७७९ सालीं दाखविलें. सर्व पायऱ्यांची गोळाबेरीज अशी: दोहोंचे सहा सहा रेणु खर्ची पडून ग्लुकोज शर्करेचा एक रेणु बनतो आणि प्राणवायूचे सहा रेणु बाहेर पडतात. मातींतील क्षारहि हवेतच. पण ते थोडे लागतात.

या मिळकतीचा कांहीं भाग झाड श्वसनांत जाळून रोजचा खर्च भागवितें. कांहीं भागाच्या लांब साखळ्या गुंफून काष्ठतंतु, म्हणजे अंगाचा सांगाडा, उभारतें. शिल्लक उरते ती भात, गहूं, बटाटा हे पिष्टाच्या रूपानें सांठवितात. उसाची रीत निराळी. तो ग्लुकोजला फळशर्करेची जोड देऊन आपल्या परिचयाची साखर बनवितो आणि कांड्यांत भरून ठेवतो. ह्या संचयास बारा ते अठरा महिने लागतात.

आतां महत्त्वाची गोष्ट ऐका. ऊंस तोडून वाढें छाटलें कीं कमाई थांबते, खर्च मात्र थांबत नाहीं. श्वसन चालूच असतें. शिवाय विकरें सांठलेली साखर फोडून तिच्या पुन्हां दोन सुट्या शर्करा करतात. त्या वाढल्या कीं साखरेचे स्फटिक नीट धरत नाहींत, आणि गुऱ्हाळांत गूळ घट्ट न बसतां चिकट राहतो. उन्हानें पाणी उडून वजन घटतें तें वेगळेंच. वजनावर मोबदला मिळणाऱ्या शेतकऱ्याची गाडी गव्हाणीबाहेर दोन दिवस खोळंबली, तर त्याचें वजन जातें आणि कारखान्याचा उतारा जातो.

म्हणूनच तोडलेला ऊंस शक्यतों २४ तासांच्या आंत गाळावा असें जाणते सांगतात. पानांनीं वर्षभर हवेंतून वेंचून आणलेलें धन वाटेंतच उडूं न देणें, हें आतां मनुष्याच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे.