पडद्यावरचे वय

एखाद्या जुन्या नटाच्या निधनाची वार्ता आली की, वाचणारा प्रथम शोधतो ते त्याचे वय. दुःख मागाहून येते. आधी वजाबाकी होते.

आज पन्नाशीकडे झुकलेल्यांच्या बाळपणी, १९८८ साली, 'अशी ही बनवाबनवी' हा चित्रपट आला. वृद्ध घरमालकीणबाई जोडप्यांखेरीज कोणास जागा देईनात, म्हणून चौघा मित्रांपैकी दोघे पातळ नेसून बायका होतात, एवढेच कथानक. पण त्या घराने अवघा महाराष्ट्र, आणि महाराष्ट्राबाहेरचीही मराठी घरे, हसवली.

ते घर पुढे रिकामे होत गेले. २००४ च्या मार्चमध्ये शांतारामबापूंचे दौहित्र सिद्धार्थ रे गेले, वय चाळीस. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे गेले; वय अवघे पन्नास. चौघांतील दोघे एकाच वर्षात! पुढल्या वर्षी सरपोतदार झालेले सुधीर जोशी, आणि २०१४ मध्ये घरमालकीण नयनतारा. अशोक सराफ आणि सचिन मात्र आपल्यात आहेत. अशोकरावांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मथळ्यात त्यांचे नाव पाहून क्षणभर काळजात चर्र झालेले लोक थोडे नसतील.

१९८८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आता लक्ष्मीकांतांच्या अखेरच्या वयाशी येऊन ठेपला आहे. आणखी काही वर्षांनी तो त्यांच्याहून थोरला होईल. ज्याला सारे गाव 'लक्ष्या' म्हणत असे, तो खरोखरच धाकटा ठरावा, हे गणित शाळेत कोणी शिकवलेले नसते.

सुलोचनाबाईंची गोष्ट निराळी. चिकोडी तालुक्यातील खडकलाट हे त्यांचे जन्मगाव. 'वहिनींच्या बांगड्या'पासून दोन-तीन पिढ्यांनी त्यांना वहिनी आणि आई म्हणूनच पाहिले. जून २०२३ मध्ये त्या गेल्या, त्या ९४ वर्षांच्या होऊन. पिकले पान म्हणावे, तरी त्या रात्री पुष्कळांना गावी एकट्या राहणाऱ्या आपल्या आईची आठवण झाली असेल.

'बनवाबनवी' अजून दूरचित्रवाणीवर लागतो. घरातले लहान मूल विचारते, "बाबा, हे काका आता कोणत्या सिनेमात आहेत?" बाप काही बोलत नाही. इतक्यात पडद्यावर पार्वती बोलू लागते आणि दोघेही हसतात. बाप किंचित उशिरा.