हिंगाचा डबा आणि घराच्या भिंती



हिंगाचा डबा रिकामा करून, घासूनपुसून उन्हात ठेवला तरी त्याचा वास जात नाही, हे येथे जमलेल्या भगिनींना आम्ही सांगायला नको. आज आम्हाला सांगायचे आहे ते इतकेच, की आपण ज्यात राहतो ते घरही तसलाच एक डबा आहे.

मुलगी बाळंतपणाला यायची, म्हणून आम्ही एक खोली नवी करून घेतली. प्लायवुडची कपाटे बसवली. दार उघडले की डोळ्यांना पाणी! सुतार म्हणाला, "नव्याचा वास आहे, आठ दिवसांत जाईल." आठ दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. वास गेला. खिडक्या लावल्या, आणि दुसऱ्या सकाळी स्वारी पुन्हा हजर. पाऊस सुरू झाल्यावर तर तो वाढलाच. तेव्हा आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

या वासाचे नाव फॉर्माल्डिहाइड. लाकडाचे पातळ थर किंवा भुसा ज्या राळेने चिकटवतात, ती बहुधा युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांची असते. ऊब आणि दमटपणा मिळाला की त्या राळेचे बंध सुटू लागतात आणि वायू बाहेर पडतो. आमच्या पावसाळ्याचे कोडे असे उलगडले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली हा वायू माणसाला कर्करोग करणारा ठरवला. 2005 मध्ये कतरिना वादळाने बेघर झालेल्यांना अमेरिकी सरकारने चाकांवरची घरे दिली, आणि त्यांत राहणाऱ्यांचे डोळे-घसे चुरचुरू लागले. 2007 च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत 519 घरांची हवा तपासली. सरासरी अब्जामागे सुमारे 77 भाग फॉर्माल्डिहाइड निघाले, काही ठिकाणी त्याच्या कितीतरी पट. आणि हे ऐन थंडीत!

पण एवढ्याने विषय संपत नाही. जी भिंत स्वतः काही सोडत नाही, ती दुसऱ्याचे घेऊन ठेवते. रंग, गिलावा, लाकूड, पडदे, त्यांवर बसलेला धुळीचा आणि तेलकटपणाचा थर, हे सारे हवेतील रेणू शोषून घेतात आणि हवा स्वच्छ झाली की परत करतात. सावकार आणि कूळ यांच्यासारखा हा हिशेब कायम चालू. 2018 साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे एका घरात शास्त्रज्ञांनी स्वयंपाक केला, फरशा पुसल्या, आणि हवेची मोजदाद केली. खिडक्या उघडताच कित्येक द्रव्ये खाली आली. लावताच थोड्या वेळात पूर्वीच्या पातळीवर जाऊन बसली. म्हणजे मोठा साठा हवेत नव्हताच. तो भिंतीत होता.

तंबाखूचे तेच. भाडेकरू जातो, त्याची विडी मागे राहते. भिंतीत मुरलेले निकोटिन हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक द्रव्ये बनवते, असे कॅलिफोर्नियाच्या बर्कली प्रयोगशाळेतील संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले. हे आम्ल गॅसच्या शेगडीमुळेही घरात येते. रांगणारे मूल हात कोठे टेकते, याचा आपणच विचार करावा.

जुन्या वाड्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी येथे लगेच टाळ्या पिटू नयेत. चुलीच्या धुराने काळे झालेले आढे आम्ही पाहिलेले आहे. त्या वाड्यांना फटी मात्र भरपूर होत्या.

मग करावे काय? अमेरिकेतील मेरीलँडमध्ये 2022 साली एका घरात मुद्दाम धूर सोडून पाहिला. हवा शुद्ध करणारे यंत्र चालू असेपर्यंतच उपयोगी. बंद केले की द्रव्ये परत वर. केर काढणे, धूळ झटकणे, ओल्या फडक्याने पुसणे यांनी जास्त काम केले. अर्थात राळेतून सुटणाऱ्या वायूपुढे फडक्याचे काही चालत नाही. तेथे कमी वायू सोडणारी फळी आधीच विचारून घेणे हाच उपाय, आणि ते आम्ही विचारले नव्हते.

आम्ही कपाटांच्या उघड्या कडा बंद करून घेतल्या. वास कमी झाला, गेला नाही. शेवटी बाळ-बाळंतिणीला माजघरात निजवले, आणि त्या नव्या खोलीत आमची जुनी पुस्तके गेली.