रिकामा डबा येईपर्यंत

फेब्रुवारी-मार्चात नारायणगावच्या पॅकहाऊसमध्ये काळ्या जंबो द्राक्षांच्या पेट्या शीतगृहात रचून तयार असतात. नसतो तो फक्त कंटेनर. असं का होतं?

डबे जगात असतात, पण नको तिथे अडकलेले. २०२१ मध्ये ते अमेरिकेच्या बंदरांत तुंबले. त्याच वर्षी मार्चात ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात ६ दिवस आडवं पडलं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. फेरी १०-१५ दिवसांनी लांबली, की रिकामा डबाही न्हावा शेवा बंदरात तितकाच उशिरा परततो. त्यात द्राक्षाला लागतो रीफर, म्हणजे शून्य अंशाच्या आसपास थंड राहणारा डबा. मंचरचा कांदा हवेशीर डब्यात निभावून नेतो. द्राक्षाचं तसं नाही.

ऑक्टोबरची छाटणी झाली, की तोडणीचा आठवडा ढोबळमानाने कळतो. बुकिंगचं तेव्हाच बोलून ठेवा, शक्यतो दोन शिपिंग कंपन्यांकडे. रीफर पक्का झाल्याशिवाय कात्री लावू नका. घड वेलीवर थोडे दिवस थांबतो, पेटीत त्याचे दिवस मोजलेले. आणि हो, मुंबई-दिल्लीच्या व्यापाऱ्याचा नंबर फोनमधून काढून टाकू नका.