बिनतारी जाळे वाढवताना

श्रोतेहो, बिनतारी म्हटले की आपल्याला आधी रेडिओ आठवतो. आज शाळेतला संगणकही बिनतारी लहरींवर चालतो. त्याला आपण वायफाय म्हणतो. त्याचा आवाका शेवटच्या वर्गापर्यंत कसा वाढवावा, हे आज सांगणार आहे. सुरुवात माझ्या चुकीपासूनच करतो.

आमच्या गावच्या शाळेत इंटरनेटचा राउटर कार्यालयात होता. मध्ये तीन दगडी भिंती. टोकाच्या वर्गात लहरी पोचत नसत. माझ्या घरी एक जुना राउटर पडून होता. मी तो नेला, कार्यालयातून केबल ओढून जोडला. दिवे लागले आणि मी समाधानाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी निम्मे संगणक बंद! नेमका तो शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. गुरुजींनी तिघी मुलींना घेऊन तालुक्याचे गाव गाठले, तेव्हा कुठे रात्री अर्ज भरून झाले.

झाले होते काय? जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. तो राउटर वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. आता एका गावात दोन तलाठी आले आणि दोघेही आपापल्या मर्जीने गट नंबर वाटू लागले, तर काय होईल? एकच नंबर दोघांच्या नावे आणि बांधावर भांडण! आमच्या शाळेत हेच झाले. जुन्या राउटरला मी ॲक्सेस पॉइंट, म्हणजे जाळ्याचे नुसते दार करायला हवे होते. मी त्याला दुसरा तलाठी करून बसवले.

मग योग्य रीत कोणती? जुना राउटर आधी जाळ्याला जोडूच नये. तो एकट्या संगणकाला केबलने जोडावा आणि त्याचे सेटिंगचे पान उघडावे. प्रथम वायफायचे नाव व पासवर्ड द्यावा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. मग त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्यावा, मात्र तो पत्ता मुख्य राउटरच्या वाटपात येत नाही ना, हे पाहावे. शेवटी नव्या पत्त्यावर पान पुन्हा उघडून डीएचसीपी बंद करावे. आता मुख्य राउटरची केबल याच्या लॅन भोकात घालावी, वॅनमध्ये नव्हे. काही यंत्रांत ॲक्सेस पॉइंट असा पर्यायच असतो. तो निवडला की पुष्कळसे काम यंत्र आपणच करते. तिथे केबल कोणत्या भोकात घालायची, ते माहितीपुस्तिकेत पाहावे.

जागेविषयी दोन गोष्टी. ही केबल १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. आणि यंत्र लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवू नये. लोखंड लहरी अडवते. वर्गात उंचावर, उघड्या जागी बसवावे. दोन यंत्रे जवळ असतील, तर २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्यावा, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळत नाही.

आणि एक सांगतो: हे काम सुटीच्या दिवशी करा, अर्जांच्या शेवटच्या दिवशी करू नका. केलेला बदल वहीत लिहून ठेवा. उद्या आपली बदली झाली, तरी मागून येणाऱ्या गुरुजींना अडचण पडणार नाही. आमच्या शाळेत ती वही आता कार्यालयात खुंटीला टांगलेली आहे. तिच्या पहिल्या पानावर माझी चूक माझ्याच अक्षरात लिहिली आहे.