विरघळणारा मांडव

आज आम्ही बोलणार आहोत भाजलेल्या कातडीबद्दल.

आपल्या कातडीला दोन थर असतात. वरचा थर भाजला तर पुन्हा येतो. पण खालचा जाड थर जळाला, की तो पूर्वीसारखा तयार होत नाही. जखम आक्रसत भरते, बोटं आखडतात. मग भाकरी थापणंही कठीण होतं.

कारल्याच्या वेलाला मांडव लागतो ना? तसाच नव्या पेशींनाही आधार लागतो. अमेरिकेत बोस्टनचे सर्जन जॉन बर्क आणि शास्त्रज्ञ आयोनिस यानास यांनी गाईचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ वापरून असा आधार तयार केला. १९८१ साली त्यांनी रुग्णांवरचा अनुभव जगापुढे मांडला. पेशी त्यात शिरतात, नवा थर धरतात आणि आधार हळूहळू विरघळून जातो.

आता शास्त्रज्ञ याहून बारीक धाग्यांचे मांडव विणत आहेत. सुईतून येणाऱ्या द्रावणाला विजेचा मोठा दाब दिला, की जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे तंतू निघतात. ते आपल्या केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असू शकतात. त्यासाठी वापरतात त्यातलं एक प्लास्टिक शरीरात विरघळून लॅक्टिक आम्ल होतं. दह्याला आंबट करणारं आम्ल तेच!

पण हे बरंचसं काम अजून प्रयोगशाळेतच आहे. म्हणून "नॅनो मलम लावा, नवी कातडी येईल" असं सांगत कुणी दारात आलं, तर बचतीचे पैसे देऊ नका.

आपल्या हातात आहे ते पहिल्या काही मिनिटांचं काम. चुलीवर किंवा गरम दुधानं भाजलं, तर वीस मिनिटं साधं गार पाणी घाला. नळ नसेल तर तांब्यानं ओतत राहा. लहान मूल असेल तर बाकीचं अंग पांघरुणात ठेवा. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई, काही लावू नका. मग स्वच्छ कोरड्या कापडानं झाका. जखम मोठी असेल, किंवा तोंड, हात, सांधा भाजला असेल, तर १०८ला फोन करा.

जखम भरल्यावर डॉक्टरांनी सांगितलेला बोटांचा व्यायाम सोडू नका. दुखतं म्हणून सुनेनं, लेकीनं तो टाळला, तर शेजारी बसून करून घ्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं जरूर सांगा.