मुंज्यांनी रोममध्ये पाहिलेली कवायत



लंडनची पहिली गोलमेज परिषद आटोपून परतताना नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे इटलीत उतरले. १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली. पण त्यांचा जीव रमला तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट युवक संघटनेतल्या पोरांच्या कवायतीत. आठ ते चौदा वर्षांचे ‘बालिल्ला’ आणि पुढे अठरापर्यंतचे ‘अवांगार्दिस्ती’. काळा सदरा, गळ्यात निळा रुमाल, डोक्यावर गोंड्याची टोपी आणि पोरांच्या हाताला पेलेल अशी बंदूक! मुंज्यांनी रोजनिशीत या संघटनेची भरभरून स्तुती केली आहे. हिंदूंनाही असे काही हवे, आणि हेडगेवारांचा राष्ट्रीय स्वयंसेवक संघ याच जातीचा आहे, मात्र तो स्वतंत्रपणे सुचलेला, असेही ते लिहितात.

ही नोंद संघाचे समर्थक आणि विरोधक, दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. संघ १९२५ चा, तेव्हा तो इटलीहून उचलला म्हणणे चूक. पण साम्य हा निव्वळ विरोधकांचा कांगावा, असेही म्हणता येत नाही. ते हेडगेवारांच्या वडीलधाऱ्या मार्गदर्शकालाच दिसले होते. मुंज्यांनी पुढे १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले.

कवायत डोळ्यांत भरते, पण इतर संघटनांना जागाच न ठेवणारा तिच्यामागचा कायदा मैदानावरून दिसत नाही. कॅथलिक बालवीर पथके इटलीत १९२८ पर्यंत मोडीत निघाली होती. मुंजे येऊन गेल्यावर दोनच महिन्यांनी, मेअखेर, मुसोलिनीने कॅथलिक तरुणांच्या मंडळांनाही टाळे ठोकले; जूनमध्ये पोपने जाहीर निषेध केला. जर्मनीत १९३३ पासून इतर युवक संघटना एकेक करून बंद झाल्या किंवा गिळल्या गेल्या आणि १९३९ मध्ये ‘हिटलर युगेंड’ सक्तीची झाली. मग मुलाला न पाठवणाऱ्या आईबापांना शिक्षा!

इकडे काशीत मात्र, मुंजे रोमला गेले त्याच सुमारास, हिंदू विश्वविद्यालयात भय्याजी दाणी संघाची शाखा चालवत होते आणि प्राणिशास्त्र शिकवणारे माधवराव गोळवलकर तिथेच संघाच्या संपर्कात आले. त्याच विश्वविद्यालयाचे मालवीयजी सेवा समितीच्या बालचरांचेही पाठीराखे. शिवाय काँग्रेसचे, डॉ. हर्डीकरांचे सेवादल होतेच. ब्रह्माघाटावरच्या मराठी घरातल्या पोराने यांतल्या कुठे जायचे, की सरळ आखाड्यात जाऊन माती अंगाला लावायची, हे त्याचे वडील ठरवत. फार तर तो स्वतः.