ओतूरचं पत्र



प्रेमावर बोला म्हणालात, म्हणून एक पत्र सांगते. २० एप्रिल १८७७, जुन्नरजवळचं ओतूर. सावित्रीबाई जोतीरावांना लिहितात, आणि नवऱ्याला लिहिलेल्या त्या पत्रात सगळा दुष्काळ भरलाय: मरणारी जनावरं, गाव सोडणारी माणसं, नाडणारे सावकार. मदत करणाऱ्या सत्यशोधकांना पोलिसांनी धरलं, तर बाई थेट कलेक्टरशी बोलल्या.

याला दान म्हणू नका. दानात घेणाऱ्याची मान खाली जाते. आपल्या वस्त्यांना ते कुणी शिकवायला नको.

पुढे १८९७ चा प्लेग. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर बाईंनी पाठीवर घेतलं, यशवंतच्या दवाखान्यात आणलं. शिवायचंही नाही म्हणत होते ते पोर! ते वाचलं. बाईंना लागण झाली, १० मार्चला त्या गेल्या.